दातगाठ

दर रविवारी ताई तळ्यावर जायची ती मासे धरायला, असं सगळे समजत होते आणि तिनेही कुणाचा गैरसमज दूर केला नव्हता. खरं सांगायचं तर मासा गळाला लागला की तिला थोडी अडचणच व्हायची. तो सोडवा, परत पाण्यात टाका, हात धुवा, आणि मग पहिल्यापासून शांत बसा. पण नुसतं पाण्याकडे बघत बसायला जाते असं सांगितलं तर लोक तब्येतीची चौकशी करू लागतात. हातात काठी असली की कुणी काही विचारत नाही.

आठवडाभर ती खुर्च्या-सोफे मढवायच्या कारखान्यात काम करायची. कापड ताणून धरायचं, ओठांतली एकेक चूक काढायची आणि हातोडीच्या ठोक्याने बसवायची. चुका म्हणजे बारीक खिळे. दोन्ही हात कापडात गुंतलेले असतात, म्हणून त्या तोंडात धराव्या लागतात. त्यामुळे कामावर कुणी तिच्यापाशी गाऱ्हाणं सांगायला लागलं तर तिला फक्त मान हलवता यायची, आणि मान हलवून ऐकून घेणारं माणूस सगळ्यांनाच हवंहवंसं वाटतं. घरातही तेच. आईचं दुखणं तिने काढलं, धाकट्या भावाचं शिक्षण आणि लग्न तिने पार पाडलं, त्याच्या बायकोचे रुसवेफुगवेही तिनेच निस्तरले. या सगळ्यात स्वतःचं लग्न राहून गेलं, त्याचं तिला फारसं वाईट वाटत नव्हतं. आठवड्यातली एक सकाळ तेवढी तिची होती, आणि त्या सकाळच्या जोरावर ती बाकीचे सहा दिवस काढत होती.

तळं म्हणजे दगडाची बंद पडलेली खाण. तीन बाजूंना उभे कडे, एका बाजूला सपाट काठ, मधे खोल हिरवं पाणी. खाण मालकीणबाईंच्या सासऱ्यांची. त्या काठाजवळच्या घरात एका म्हाताऱ्या कुत्रीबरोबर राहायच्या आणि मासे धरणाऱ्या जमातीचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. कारणही तसंच होतं. पूर्वी लोक कुंपण वाकवून आत यायचे, दिवसभर गळ टाकून बसायचे आणि जाताना काठाचा पार उकिरडा करून जायचे. आमिषाचे डबे, बाटल्या, बिस्किटांचे कागद, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तंगूस. तंगूस ही गळाची नायलॉनची दोरी. पाण्याच्या रंगाची, डोळ्याला न दिसणारी, वर्षानुवर्षं न कुजणारी. एका बदकाचा पाय तीत अडकून तुटलेला मालकीणबाईंनी पाहिला आणि त्याच आठवड्यात फाटकाला कुलूप लागलं.

ते कुलूप ताईने उघडवलं. मालकीणबाईंच्या जेवणघरातल्या खुर्च्या मढवायला ती गेली होती, तेव्हा खिडकीतून तिला ते पाणी दिसलं. तोंडात चुका असल्यामुळे ती बराच वेळ काही बोलली नाही, पण काम आटपल्यावर तिने विचारलंच. मालकीणबाई म्हणाल्या, मासेवाल्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. ताई म्हणाली, मग माझ्यावर ठेवा. मालकीणबाईंनी एक खुर्ची उलटी करून बघितली. खाली, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथेही ताईने अस्तर काठाला काठ जुळवून बसवलं होतं. त्यांनी किल्ली दिली. अट एवढीच, की माणसं आणायची ती ताईने, आणि काठावर काही राहिलं तर त्याचा जाब द्यायचा तोही ताईने.

अशी मोजकी माणसं जमली. बस चालवून निवृत्त झालेले एक जण होते, त्यांना सगळे मिशा म्हणायचे, कारण त्यांच्या मिशा त्यांच्याआधी खोलीत शिरायच्या. एक दवाखान्यातला कंपाउंडर होता. आणि छोट्या होता.

छोट्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. वय पंचेचाळिशीच्या पुढे, डोक्यावर विरळ होत चाललेलं रान, तरी छोट्या तो छोट्याच. घरं विकायच्या धंद्यात होता आणि जिभेवर साखर होती. ओलीने पोपडे धरलेली भिंत तो गिऱ्हाइकाला अशी दाखवायचा की तीच घराची शोभा वाटावी. ताईचा त्याच्यावर भारी जीव. त्याच्याबद्दल कुणी वावगं बोललं तर ती एरवी न दिसणाऱ्या रागाने लाल व्हायची, आणि तो मात्र तिच्यामागे तिला ‘आमची हातोडी’ म्हणायचा. प्रेमानेच म्हणायचा, असं ताई म्हणायची.

मासे धरायला दोघांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. वडील क्रेनवर मिस्त्री होते आणि यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली होती. गळ बांधताना तंगूस नेढ्यातून ओवायचा, त्याचे वेढे घ्यायचे आणि सुटं टोक, म्हणजे शेपूट, फासातून काढून ओढायचं, ही साधी गोष्ट त्यांना त्या बोटांनी जमेना. मग त्यांनी शेपूट दातात धरलं आणि वेढे उलटे घेतले. गाठ ओढायचीही दातांनीच, आणि उरलेलं शेपूट कात्रीने न कापता दातांनीच तोडायचं. गाठ घट्ट बसायची, पण तिला एका अंगाला बारीकसं कुबड यायचं आणि तोडलेलं टोक चपटं राहायचं. मुलांना वाटलं, गाठ मारायची रीत हीच. बाकीचं जग वेढे सुलटे घेतं हे त्यांना मोठेपणी कळलं, तेव्हा ती सुधारायचं कुणाच्या मनात आलं नाही. घरात तिला दातगाठ म्हणत. वडील गेल्यानंतर ती बांधणारी दोनच माणसं उरली.

तर एका रविवारी छोट्याने तीन पाहुणे आणले. मोठी गिऱ्हाइकं होती म्हणे, एकेकाला दोन-दोन घरं घ्यायची होती. ताईला ते आवडलं नव्हतं. पण छोट्याने आदल्या दिवशी घरी येऊन तिच्या गळ्यात हात टाकला आणि ती विरघळली. दुपारी तिला कारखान्यातून बोलावणं आलं. एक सोफा त्याच दिवशी पोचवायचा होता. पाहुणे रंगात आले होते, डबे-बाटल्या उघडल्या होत्या. ताईने किल्ली छोट्याच्या हातात दिली आणि काठावर काही ठेवू नकोस एवढंच म्हणाली. तो म्हणाला, मी काय लहान आहे का. या प्रश्नाचं खरं उत्तर ताईला तेव्हाच ठाऊक असायला हवं होतं.

आठवड्याच्या मध्यावर मालकीणबाईंचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. रविवारी सगळ्यांना घेऊन या, काठ्या आणू नका, इतकंच सांगून त्यांनी फोन ठेवला. रविवारी ताईच्या स्कूटरवर मागे बसून जाताना छोट्या म्हणाला, कुणीतरी बाहेरचं पोरटं कुंपणातून घुसलं असेल. तिने मागे न बघता विचारलं, तू नीट आवरलं होतंस ना? तो म्हणाला, आवरलं गं. तिने विश्वास ठेवला. त्याच्यावर विश्वास ठेवणं तिला श्वास घेण्याइतकं सवयीचं होतं.

जेवणघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. त्यावर चिरडलेले डबे, तीन बाटल्या, आमिषाच्या पिठाचा वाळलेला गोळा चिकटलेली पिशवी, आणि तंगुसाचा हा एवढा गुंता. गुंत्याच्या टोकाला एक गळ होता. कुत्री दाराशी पडून होती. तिचा ओठ सुजला होता आणि पुढच्या पायाला पट्टी होती. पिठाच्या वासाने तिने पिशवीत तोंड घातलं, गळ ओठात रुतला, आणि ओढाताण करताना तंगूस पायाला करकचला, असं मालकीणबाईंनी सांगितलं. डॉक्टरांना तिला गुंगी देऊन तो काढावा लागला. रात्रभर ती कण्हत होती म्हणे.

सगळे ताईने मढवलेल्या खुर्च्यांवर बसले. मालकीणबाई म्हणाल्या, ज्याचं आहे त्याने सांगावं. त्याने पुन्हा यायचं नाही, बाकीच्यांनी यावं. कुणीच बोललं नाही, तर उद्या कुलूप बदलेन आणि विषय संपेल. एवढं बोलून त्यांनी तो गुंता पहिल्या माणसाच्या हातात दिला. मिशांनी तो डोळ्यांजवळ धरून बघितला, मान हलवली, पुढे दिला. कंपाउंडरने गळाचं टोक बोटाने चाचपलं आणि पुढे दिला.

ताईच्या हातात आल्यावर तिला बघावंही लागलं नाही. अंगठ्याखाली ते कुबड लागलं. मग तिने बघितलं. वेढे उलटे होते, टोक चपटं होतं. वडिलांची गाठ, इतक्या वर्षांनी, कुत्रीच्या रक्ताने काळी पडलेली. त्याने काठ आवरला नव्हता, हे एक. आणि आवरलं गं, असं तिच्या पाठीशी बसून सहज म्हणाला होता, हे दुसरं. पहिल्यापेक्षा दुसरं तिला जास्त लागलं.

तिने गुंता त्याच्याकडे सरकवला. तो टेबलाच्या पलीकडे बसला होता. त्याने गाठ पाहिली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर वळवली. लहानपणी काच फुटल्यावर तो असाच बाहेर बघायचा.

ताईने मनात हिशोब केला. खरा हिशोब करायला तिला कधी जमलंच नाही. त्याच्या बाजूला ती नेहमी थोडं जास्त टाकायची. चार माणसांत मान खाली घालावी लागली तर छोट्या मोडून पडेल. पाहुण्यांपर्यंत बातमी जाईल, धंद्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि आपलं काय? आपलं तळं जाईल. तळं गेलं तर रविवार जाईल, आणि रविवार गेला तर मागे काय उरतं याचा विचार तिने केला नाही, कारण केला असता तर धीर झाला नसता. माझं आहे, म्हणायचं. एकदा म्हणून टाकलं की संपलं. तिने खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याकडे एकदा बघून घेतलं, श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

“ही गाठ आमच्या घरातली आहे,” छोट्या म्हणाला.

ताईचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. तिला भरून आलं. शेवटी तिच्या भावाने खरं बोलायचं धाडस केलं होतं, तेही कुणी भाग न पाडता. आई-बाबा असते तर, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं. किती कमी लेखलं आपण त्याला, असंही वाटलं.

“आमच्या वडिलांची पद्धत ही, दातांनी ओढायची आणि दातांनीच तोडायची,” तो पुढे म्हणाला. “पण मी हल्ली दुकानातले बांधलेले गळ आणतो. आता अशी गाठ फक्त ताई बांधते.” मग त्याने आवाज खाली आणला, ज्या आवाजात तो म्हाताऱ्या गिऱ्हाइकांशी बोलायचा तो आवाज. “तिचं वय झालंय. त्या दिवशी घाईत निघाली, राहिलं असेल. मुद्दाम नाही हो केलं तिने. सांभाळून घ्या.”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मिशा हळूच म्हणाले की ताईंचे दात तर पोलादी आहेत, त्याच सांगायच्या. ते खरंच होतं, म्हणजे ताई तसं खरंच सांगायची. अक्रोड फोडते अजून, म्हणायची.

आणि इथेच ताईची एक झाकली मूठ होती. तोंडात चुका धरून धरून तिचे वरचे पुढचे दात हलायला लागले होते आणि दोन वर्षांपूर्वी ते काढावे लागले. सोफा पोचवायचा आहे असं सांगून ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात जायची. कवळी बसवून आली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. लग्न न झालेल्या बाईला एवढा तोरा परवडतो, असं ती आरशाला सांगायची. कवळीने तंगूस तुटत नाही, कवळीच निसटून हातात येते. तेव्हापासून ती घरी दार लावून पकडीने चारचौघांसारखी सुलटी गाठ मारायची आणि बांधलेल्या गळांचा डबा भरून आणायची.

हे छोट्याला माहीत नव्हतं. आठवड्यातून दोनदा तो तिच्या हातचं जेवायचा. ती आताशा सगळं बारीक चिरून खाते, हसताना ओठ मिटून घेते, हे सगळं त्याच्या समोर घडत होतं. दोन वर्षांत त्याने तिच्या तोंडाकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं.

“ताई,” मालकीणबाई म्हणाल्या, “हे खरं आहे?”

हो म्हणायचं होतं. मघाशी तेच म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. पण तेच शब्द आता तिला म्हणवेनात. जे ती आपल्या हाताने त्याच्या ताटात वाढणार होती, ते त्याने तिच्या पुढ्यातून ओढून घेतलं होतं, आणि वर तिच्या म्हातारपणाची कीव करून घेतलं होतं. तिला राग आला. इतका राग तिला कधी आला होता ते तिला आठवेना, आणि त्या रागाची तिला लाजही वाटली नाही.

तिने तोंडात बोट घातलं, कवळी काढली आणि वर्तमानपत्रावर ठेवली, गळाच्या शेजारी.

“दोन वर्षं झाली,” ती म्हणाली. दातांवाचून शब्दांतून वारा जात होता, तिचा आवाज तिलाच परका वाटला. “मला आता ती गाठ बांधता येत नाही.”

कंपाउंडर आपल्या बुटांकडे बघत राहिला. मिशांनी मिशीवरून हात फिरवला. छोट्या त्या दातांकडे बघत होता आणि त्याचा चेहरा, त्याच्या बोलण्याशिवाय, अगदी रिकामा दिसत होता. मग तो पाहुण्यांबद्दल काहीतरी बोलू लागला, त्यांच्यापैकी कुणीतरी असेल, म्हणाला. मालकीणबाईंनी विचारलं की गाठ पाहुण्यांनी बांधली का. त्यावर त्याने पुन्हा खिडकीबाहेर बघितलं.

निकाल लागायला मग वेळ लागला नाही. छोट्याने यायचं नाही, बाकीच्यांनी यावं, किल्ली ताईकडेच राहील. ताईने कवळी धुवायला पाणी मागितलं. मालकीणबाई स्वतः पेला घेऊन आल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. ताईला ते नको होतं, पण हात झटकण्याइतकं तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

बाहेर छोट्या स्कूटरपाशी उभा होता. आला होता तसंच परत तिच्या मागे बसून जायचं, हे त्याने गृहीतच धरलं होतं. डोळे लाल झाले होते. त्याला खरंच दुखावल्यासारखं वाटत होतं, हे ताईला लांबूनच कळलं, आणि तेच तिला सगळ्यात असह्य झालं.

“एवढ्या लोकांसमोर, ताई,” तो म्हणाला. “घरचं माणूस असून. तू घेतलं असतंस अंगावर तर काय बिघडलं असतं? नेहमी घेतेस.”

ताईने हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि पट्टा लावला.

“घेणारच होते,” ती म्हणाली. “तोंड उघडलं होतं मी. तू जरा थांबला असतास तर माझं नाव मीच सांगितलं असतं.”

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर तो जे बोलला ते ऐकून ताईला वाटलं की याच्यापेक्षा न कळलेलं बरं होतं.

“मग मला खूण तरी करायचीस ना,” तो म्हणाला.

ताईने स्कूटर चालू केली. त्याने सवयीने मागच्या सीटवर बसायला पाय उचलला.

“मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जा,” ती म्हणाली. “तिथून बस मिळते.”

ती निघाली. फाटकापाशी ती थांबली नाही. मिशा मागे होते, ते कुलूप लावतील. आरशात तो दिसत होता, एका पायावर ओझं टाकून उभा, अजूनही ती वळून येईल अशी वाट बघत. लहानपणी तो असाच कुठेतरी रुसून उभा राहायचा आणि ती दरवेळी वळून जायची. तळं तिचं राहिलं होतं. येत्या रविवारी ती जाऊ शकत होती, त्याच्या पुढच्याही. त्याने मागितलं असतं तर हे सगळं तिने त्याला उचलून दिलं असतं. आता मात्र त्याला काहीही द्यावंसं वाटत नव्हतं, आणि ज्याच्यासाठी आयुष्यभर दिलं त्याला आता काही द्यावंसं वाटत नाही, हे घेऊन घरी कसं जायचं, ते तिला समजत नव्हतं.